नळीचं दुसरं टोक

कामतघरच्या वळणावर गाडी अडकली नसती, तर माधवीला ते कळलंही नसतं. सुताच्या गोण्या लादलेला टेम्पो रस्त्यात आडवा झाला होता. टेम्पोवाला आणि रिक्षावाला हिंदीतून एकमेकांना गाडी शिकवत होते. दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये कापड विणणारे लूम चालू होते आणि गाडीच्या काचा बंद असूनही त्यांची धडधड सीटमधून पाठीत येत होती. माधवीने सहज समोरच्या इमारतीकडे पाहिलं. औषधांच्या दुकानावर पाटी होती : डॉ. सुगत गायकवाड, कान-नाक-घसा तज्ज्ञ. पाटीखालच्या जिन्यावरून तिची सासू उतरत होती.

ठकुबाईंनी लग्नाकार्यातलं जांभळं लुगडं नेसलं होतं. त्यांचा एक हात कठड्यावर होता, दुसरा माधवीच्या धाकट्या जावेच्या, नेत्राच्या खांद्यावर. शेवटच्या पायरीवर नेत्रा काहीतरी म्हणाली आणि ठकुबाई हसल्या. तोंडावर पदर धरून, मान मागे टाकून. असं हसताना माधवीने त्यांना शेवटचं कधी पाहिलं होतं? मग धाकट्या सुनेने रिक्षाला हात केला, सासूला आधी बसवलं, लुगड्याचा काठ चाकाशी येऊ नये म्हणून आत खोचला, आणि रिक्षा घराकडे, वळ गावाच्या दिशेने निघून गेली.

दिवाळीपासून ठकुबाईंचा आवाज बसलेला होता. वय सत्तरीकडे झुकलेलं, जन्मभराची मिशेरी आणि इतके दिवस मोकळा न झालेला घसा. असा पेशंट स्वतःच्या दवाखान्यात आला असता, तर माधवीने त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवला असता. घरात तिने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ठकुबाई म्हणाल्या होत्या, "लग्नाच्या गान्यांची तालीम चाललीय, बसतोय गला." आता त्यांना काय झालं असेल, ही काळजी तिच्या मनात यायला हवी होती. ती आलीही, पण मागाहून. आधी आलं ते एवढंच : माझ्याकडे का नाही? आणि नेत्राबरोबर का?

आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या. तिने आरसा वर फिरवला, गाडी कडेला लावली आणि जिना चढली.

सुगतच्या दवाखान्यात कुणी हळू बोलत नाही. लूमवर वर्षं काढलेली माणसं ती, निम्म्यांचे कान गेलेले. "नंबर कितना हुआ?" असं एकाने विचारलं की तिघं ओरडून उत्तर देतात. माधवी सरळ आत जायला निघाली तेव्हा काउंटरवरची तुळजा उभी राहिली.

"मॅडम, आत पेशंट हाय."

"मी डॉक्टर आहे, तुळजा. ओळखतेस ना?"

"वळखते ना. पण आत पेशंट हाय."

शेवटी एम.डी. झालेली, नाक्यावर स्वतःचा दवाखाना असलेली माधवी भोईर दारापाशी उभी राहिली. दाराला काच होती. आत सुगतने एका म्हाताऱ्या विणकराच्या कानांत स्टेथोस्कोप घातला होता. स्वतःच्या नव्हे, म्हाताऱ्याच्या. नळीचं दुसरं टोक ओठांशी धरून तो त्यात हलकेच बोलत होता. बाहेर एक अक्षर येत नव्हतं. म्हातारा डोळे मिटून मान हलवत होता. मग त्याने घसा फाडून विचारलं, "तो बीड़ी पूरी बंद?" आणि बाहेर बसलेले सगळे हसले. सुगतने न हसता परत नळी तोंडाशी नेली.

म्हातारा गेल्यावर माधवी आत शिरली.

"बस," सुगत म्हणाला. "चहा सांगू?"

"माझ्या सासूबाईंना काय झालंय?"

"माझ्याकडे कोण येतं ते मी सांगत नाही, माधवी."

"मी आत्ता त्यांना तुझ्या जिन्यावर पाहिलं."

"मग ते तू पाहिलंस. मी सांगितलेलं नाही."

कॉलेजात ते दोघं एका बाकावर बसत. परीक्षेत ती पुढे असायची, तो मागे. वॉर्डात मात्र म्हाताऱ्याकोताऱ्या बायका तिला सोडून त्याचाच हात धरून ठेवायच्या. तेव्हाही तिला ते आवडत नसे.

"सुगत, आपण दोघं डॉक्टर आहोत."

"तू डॉक्टर आहेसच. त्यांची नाहीस."

"पंचवीस वर्षं त्या घरातला प्रत्येक ताप मी पाहिलाय. बाबांचं बीपी, मनोजची शुगर. तू मला एक फोन करू शकत नव्हतास? मी तुझ्याकडे पेशंट पाठवते, तेव्हा कळवतोस ना सगळं?"

"त्यांना विचारून कळवतो. दर वेळी विचारतो, 'माधवी मॅडमना सांगू का?' आजवर सगळे हो म्हणाले, म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही."

या वाक्यात आणखी एक वाक्य होतं, ते तिला ऐकू आलं. कुणीतरी नाही म्हणालं होतं.

"आणि उशीर झाला तर? तू जबाबदारी घेशील?"

सुगतने टेबलावरची नळी उचलून खुंटीला लावली. "पेशंटला सगळं समजेल असं सांगणं ही माझी जबाबदारी. पुढचं पेशंट ठरवतो. तुला मी हे शिकवायला नको."

ती चहा न घेता उतरली.

*

वळच्या घरात त्या संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसले होते. लग्नघरच ते. पुढच्या रविवारी नेत्रा आणि तिचा नवरा केसरीनाथ यांच्या लेकीचं, उन्नतीचं लग्न, शनिवारी हळद. हळदीची पारंपरिक गाणी, धवले, गावात ठकुबाईच म्हणत. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे गोडाऊनचं पत्र्याचं छप्पर होतं, जिथे पूर्वी भोईरांची भातशेती होती. तिथे कंटेनर मागे घेताना वाजणारी शिट्टी जेवणभर चालू असायची. आता ती कुणाला ऐकू येत नसे.

"धवल्यांचं काय ठरलं?" माधवीच्या नवऱ्याने, मनोजने विचारलं. "आईचा आवाज तर अजून फाटलेलाच आहे. दुसरी धवलारीण बघायची का?"

तिच्या सासऱ्यांनी, रामू भोईरांनी ताटातून मान वर केली. "दुसरी? पंचक्रोशीची हळद हिच्या तोंडानं लागली. नि नातीच्या हळदीला दुसरी आनतंस?"

"बाबा, मी आईसाठीच म्हणतोय. घरात एम.डी. बसलीय आणि आई आपली हळद-दूध पितेय. माधवी, बघ ना एकदा नीट तिला."

सगळ्यांनी माधवीकडे पाहिलं. एरवी तिला हा क्षण आवडायचा, सगळं घर तिच्या तोंडाकडे बघतंय तो क्षण. तिने ठकुबाईंकडे पाहिलं. त्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच धरून बसल्या होत्या.

"बघते की. आई, जेवण झालं की या माझ्या खोलीत."

"तुम्ही दमून आलाव," ठकुबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "जेवा अदुगर."

नेत्राला त्या 'अगो नेत्रे' म्हणायच्या, कधी 'मेले' म्हणायच्या. माधवीला लग्नानंतर पहिल्या दिवसापासून अहोजाहो. लोक याला मान म्हणत. माधवीही म्हणत आली होती.

"काय झालं नाही त्यांच्या घशाला," नेत्रा वाढता वाढता म्हणाली. "उन्नतीच्या सासरपर्यंत ऐकू जावं म्हणून रोज ओरडून तालीम चाललीय. कशेळीच्या खाडीपलीकडून तक्रार आली, आवाज जरा कमी करा."

सगळे हसले. ठकुबाईही हसल्या, पदर तोंडावर धरून. माधवी मात्र हसली नाही. किती सहज! खोटं किती गोड बोलता येतं हिला.

स्वयंपाकघरात दोघीच उरल्यावर तिने दार लोटलं.

"आज कामतघरला होतात तुम्ही."

नेत्राचा हात परातीत थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "होतो."

"घरात डॉक्टर असताना?"

"घरात डॉक्टर आहे म्हणूनच, ताई."

"म्हणजे?"

नेत्राने हात धुतले, पदराला पुसले. सावकाश. बारावीनंतर तिचं लग्न झालं होतं. घरातल्या बोलण्यात ती कधी माधवीच्या पुढे जात नसे. "मागच्या गौरींना जेवताना तुम्ही काय सांगितलंत, आठवतं?"

"काय सांगितलं?"

"आईंना लघवी धरवत नाही. रात्रीचं पाणी देऊ नका, बाजूला भांडं ठेवा."

"बरोबरच होतं ते. मी औषध दिलं, बऱ्याही झाल्या. आणि बाहेरच्यांना नव्हतं सांगितलं, घरातल्यांनाच तर सांगितलं. आपल्या घरात काय लपवायचं असतं? सगळ्यांचे रिपोर्ट ग्रुपवर टाकते मी. कुणी कधी काही म्हणालं?"

"कोण म्हणेल? तुम्ही फुकट बघता सगळ्यांना." नेत्राने क्षणभर दाराकडे पाहिलं. "त्या दिवशी पंगतीला मामांकडची माणसं होती. तुळशीचं लग्न झाल्यावर खालच्या आळीत नवशाच्या पोराची हळद होती. धवले म्हणायला आई गेल्या, मी बरोबर होते. बसायला पाट मांडलेला. पाटावर त्या घरच्यांनी प्लास्टिक अंथरलं होतं."

माधवीला आधी समजलं नाही.

"टेबलावर घालतात ना, फुलाफुलांचं? ते. आईंनी बघितलं. मागं फिरतील असं मला वाटलं. पण बसल्या त्यावर. सगळे धवले म्हटले, एकही कडवं न गाळता. घरी येताना मला म्हणाल्या, बसायला गार लागत होतं."

फोडणीचा वास खोलीत तसाच थांबून राहिला होता. बाहेर कंटेनर मागे येत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही तेही जेवताना काढलं असतंत."

माधवीला लागलं, आणि लागलं म्हणून तिने हाताशी होतं ते फेकलं. "आणि तू काय करतेयस? लेकीचं लग्न सुरळीत व्हावं म्हणून सासूचा आजार दाबून ठेवतेस! असे दिवस घालवण्याची किंमत कळते तुला?"

नेत्राचा चेहरा उतरला. "मी म्हटलं होतं, लग्न पुढे ढकलू. डॉक्टरांसमोर म्हटलं. डॉक्टरांनी आईंना पुन्हापुन्हा विचारलं, थांबल्यानं काय होऊ शकतं ते सगळं सांगितलं. त्याच नाही म्हणाल्या. नातीची हळद म्हणणार, आणि मग सोमवारी ॲडमिट—"

तिने हात तोंडावर दाबला.

माधवीला आता सगळं कळलं होतं. स्वरयंत्रावर काहीतरी आहे. सोमवारी भूल देऊन तुकडा काढणार आणि तपासायला पाठवणार. आठवड्याने फार बिघडत नाही, असं सुगतने सांगितलं असणार. बिघडणारच नाही, असं मात्र म्हणाला नसणार. तिच्या डोक्यात ओळीने सगळं उभं राहिलं, पुस्तकातल्यासारखं. पण सुगतसमोर सासूशेजारी बसून ते ऐकलं होतं नेत्राने. ठकुबाईंनी घाबरून हात धरला असेल तर तो नेत्राचा. माधवीला त्या हाताचा इतका हेवा वाटला की तिला स्वतःचीच किळस आली, आणि तरी हेवा काही कमी झाला नाही.

"ताई," नेत्रा खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या तोंडून निघून गेलं. तुम्ही नका सांगू कुणाला. पाया पडते."

माधवी दार उघडून बाहेर पडली.

सकाळी चहाच्या वेळी मनोजने विचारलंच. "बघितलंस आईला? काय आहे?"

एक वाक्य पुरलं असतं. घर हादरलं असतं, मनोजने फोन फिरवले असते, नेत्रा गुन्हेगार ठरली असती आणि सगळे पुन्हा माधवीच्या तोंडाकडे बघत उभे राहिले असते. तिने कप खाली ठेवला. डोळ्यांसमोर फुलाफुलांचं प्लास्टिक होतं.

"घसा त्यांचा आहे. त्यांना विचार."

"हे काय उत्तर झालं? तू डॉक्टर ना?"

"त्यांची नाही," माधवी म्हणाली. दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडात किती कडू लागतं, ते तिला कळलं.

*

शनिवारी संध्याकाळी ऊन गोडाऊनच्या पत्र्यावरून उतरलं आणि मांडवात हळदीला सुरुवात झाली. डीजेवाल्याला केसरीनाथने दम भरून ठेवला होता : धवले संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. तांदळाच्या पिठाने चौक भरलेला. मध्ये पिवळी साडी नेसलेली उन्नती. समोर पाटावर ठकुबाई, जांभळ्या लुगड्यात.

पाटावर काही अंथरलेलं नव्हतं. माधवीने दुपारीच येऊन पाहिलं होतं.

ठकुबाईंनी डोळे मिटले आणि पहिला धवला उचलला. आवाज घोगरा होता, कडांना फाटलेला, पण चाल पक्की होती. मांडव गप्प झाला. गणपतीला बोलावणं झालं, कुलदैवताला झालं, पितरांना झालं. माधवीला यातलं एकही कडवं येत नव्हतं. ती उरणची, वाढली होस्टेलात. नेत्रा सासूच्या मागे बसून प्रत्येक ओळ ओठांत म्हणत होती.

नवरीच्या आईचं कडवं आलं तेव्हा आवाज तुटला. ठकुबाईंचे ओठ हलत राहिले, गळ्याची शीर ताणली, पण बाहेर नुसती हवा आली. मांडवातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात नेत्राने ती ओळ उचलली. स्वतःच्या लेकीच्या हळदीला, स्वतःवरचं कडवं, भर मांडवात. तिचा आवाज कापत होता, पण तिने ते शेवटास नेलं, मग पुढचंही, आणि ठकुबाई मांडीवर हाताने ठेका धरून बसल्या.

धवले संपले आणि डीजे सुरू झाला. जमीन थरथरायला लागली. मनोज गाडीतली माधवीची पिशवीच घेऊन धावत आला. "माधवी! आईला बघ!" तो कानाशी ओरडला. त्याच्यामागे रामू, केसरीनाथ, मामांकडच्या दोघीतिघी. सगळे वाकून उभे राहिले. घरातली डॉक्टरीण आता सांगणार.

माधवी पाटासमोर गुडघ्यांवर बसली. ठकुबाईंनी पदर गळ्याशी घट्ट ओढून घेतला. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते तिला वाचता आलं. आता ही सगळ्यांसमोर बोलणार.

माधवीने पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. सवयीने हात स्वतःच्या कानांकडे गेला. मग तिने तो ठकुबाईंच्या कानांत घातला आणि दुसरं टोक आपल्या ओठांशी धरलं.

"आई, सोमवारचं मला ठाऊक आहे, कुणाला सांगितलेलं नाही. मी काही तपासत नाही. काही विचारत पण नाही. पाणी हवं असेल तर मान हलवा."

ठकुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. हा खेळ त्यांना माहीत होता, कामतघरला पाहिलेला. त्यांनी मान हलवली नाही. नळी आपल्या कानांतून काढली, हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांनी माधवीच्या कानांत बसवली, आणि चकती तोंडाशी नेली.

आधी श्वास ऐकू आला, खरखरीत. मग शब्द. डीजे दूर गेला.

"गो माधवे, ते कापतील तवा मी जागी आसंन काय? त्या डाक्टरानं सगलं सांगितलान. मना ह्येच इचारायला लाज वाटली."

माधवे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. माधवीने नळी परत त्यांच्या कानांत घातली.

"नाही. शिरेतून औषध देतात, झोप लागते. झोपेतच तुकडा काढतात. जागं झाल्यावर घसा दुखेल थोडे दिवस. मधलं काही कळत नाही." ती थांबली. सगळं ठीक होईल, असं तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने म्हटलं नाही. "आणखी विचारायचं असेल ते सुगतला विचारा. लाजू नका. तो खरं सांगतो."

हे शेवटचं बोलणं तिला जड गेलं, पण बोलली.

ठकुबाईंनी पुन्हा नळी फिरवली. "नेत्रीला सांगू नको. तिला वाटतंय, मी घाबरत न्हाय."

"काय म्हणाली?" मनोज ओरडला. "काय आहे?"

"छाती बरी हाय ना तिची?" रामूंनी विचारलं.

"त्यांना विचारा," माधवी म्हणाली आणि उठली. मनोज वैतागून आईकडे वळला. ठकुबाईंनी त्याला हातानेच बाजूला हो म्हटलं आणि पाण्याचा तांब्या मागितला.

मांडवाच्या खांबापाशी नेत्रा उभी होती. कोपरापर्यंत हळद, कपाळावर घाम. तिने सगळं पाहिलं होतं, ऐकलं काहीच नव्हतं.

"ताई, काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही."

"मला पण नाही सांगणार?" नेत्राचे ओठ आवळले गेले, नाकपुड्या फुलल्या. "इतके दिवस सगळीकडे मीच घेऊन गेले त्यांना."

तो चेहरा माधवीच्या ओळखीचा होता. कामतघरच्या वळणावर, गाडीच्या आरशात. तिला वाटलं होतं, आता आपल्याला बरं वाटेल. वाटलंही, क्षणभर, आणि लगेच ओसरलं. सांगितलं असतं तर नेत्राचं समाधान झालं असतं आणि तिचं स्वतःचंही. तिने नळीची गुंडाळी केली आणि पिशवीत तळाशी ठेवली.

"चल," ती नेत्राचा पिवळा हात धरून म्हणाली, "उन्नती कधीची बसलीय. हळद वाळायला लागली."